पांढरी ओढणी, पांढरी भिंत

जून महिन्यात शाळा उघडली की आमच्याकडे दोन कामे एकदम अंगावर येतात. एक पुस्तकवाटप आणि दुसरे ओळखपत्रांचे फोटो. नवी मुंबईतल्या एका उर्दू माध्यमाच्या शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते. फोटोंचा या विषयांशी काही संबंध नाही, पण फार वर्षांपूर्वी मी स्टाफरूममधला अडकलेला प्रिंटर सगळ्यांसमोर सुरू करून दाखवला होता. त्या एका चुकीची शिक्षा अजून भोगते आहे.

यंदा स्टुडिओवाल्याला शाळेतच बोलावले. व्हरांड्यातल्या क्रीम रंगाच्या भिंतीसमोर स्टूल ठेवले आणि दोन दिवसांत ३१२ मुलामुलींचे फोटो निघाले. तिसऱ्या दिवशी पेनड्राइव्ह आणायला गेले तर भाईजान म्हणाले, "बाजी, दस मिनट बैठो, चाय पियो, अभी हो जाएगा." त्यांनी फोल्डर निवडला, एक बटण दाबले आणि खरोखर माझा चहा संपेपर्यंत ३१२ फोटो एका मापात कापले गेले, मागची क्रीम भिंत पांढरीशुभ्र झाली, चेहरे उजळले आणि प्रत्येक फाइलला क्रमांक लागला. मी मनातल्या मनात हिशोब केला. एका फोटोला पाच मिनिटे धरली तरी हाताने हे काम २६ तासांचे होते. मला तर जादूच वाटली.

ओळखपत्रे वाटली त्या दिवशी सहावीतली एक मुलगी टेबलासमोर येऊन उभी राहिली. "टीचर, मेरा स्कार्फ कहाँ गया?"

कार्ड हातात घेऊन पाहिले. आमच्या मुलींच्या गणवेशात पांढरी ओढणी आहे, डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली पिन लावायची. फोटोत ती ओढणी मागच्या पांढऱ्या रंगात विरघळून गेली होती. कपाळापासून हनुवटीपर्यंतचा एक लंबगोल चेहरा तेवढा हवेत तरंगत होता. गळा नाही, खांदे अर्धेच. तिच्या अम्मीने सकाळी मुद्दाम लावून दिलेली मोत्याची पिनही गेली होती. मी सगळी कार्डे टेबलावर पसरली. अशा ४६ मुली निघाल्या. मुलांची कार्डे मात्र ठीक होती. उलट आठवीतले दोघे सावळे वीर स्वतःचा गोरा चेहरा पाहून खुश होते आणि "हेच राहू द्या" म्हणून मागे लागले होते.

भाईजानांकडे परत गेले. माणूस भला. त्यांनी कॉम्प्युटरवर सगळे उलगडून दाखवले. फोटोशॉपमध्ये 'मॅजिक वाँड' नावाची कांडी असते. तुम्ही भिंतीवर एका जागी टिचकी मारता, मग ती त्या रंगाच्या आसपासचा, सलग लागून असलेला सगळा भाग निवडते. आसपासचा म्हणजे किती, हे एक आकडा ठरवतो. तो आकडा कंपनीने मुळात ३२ ठेवलेला असतो. उजेडाच्या शून्य ते २५५ या मोजपट्टीवर आमची भिंत समजा २४० आणि ओढणी २५०. दोन्हींत फरक दहाचा. कांडीच्या लेखी ओढणी म्हणजे भिंतच. "मशीन को क्या मालूम बाजी, दोनों तो सफेद हैं," भाईजान म्हणाले. त्यांनी ही सगळी पावले एका मुलाच्या फोटोवर एकदा करून नोंदवून ठेवली होती, आणि बटण दाबले की तीच पावले पुढच्या प्रत्येक फोटोवर पडत होती. या नोंदीला फोटोशॉपमध्ये 'अ‍ॅक्शन' म्हणतात.

मला राहून राहून वाटत होते की हे काम हाताने करणारे लोक एकेकाळी असतीलच. ते काय करत होते आणि त्यांच्या हातातून ते मशीनकडे कसे गेले? सुट्टीत याच शोधात बरेच वाचले. पुढचा लेख त्याचाच आहे.

गोष्ट सुरू होते ती आपल्या मुंबईतच. १८५४ साली इथे बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिचे ठळक सदस्य. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग निघाला. पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईच्या एका शाळेत फोटो शिकवत होते, हे वाचून माझ्यातली शिक्षिका सुखावली. त्या वर्गात शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतले नावाजलेले व्यावसायिक छायाचित्रकार झाले.

त्या काळचा फोटो काचेवर निघे. काचेवरच्या रसायनाला निळा प्रकाश चटकन कळे, पिवळा आणि लाल जवळजवळ कळतच नसे. परिणामी निळे आकाश कोरे पांढरे येई, आणि गव्हाळ किंवा सावळा चेहरा होता त्याहून कितीतरी काळा उमटे. म्हणजे हे तंत्र जन्माला आले तेव्हाच त्याचे गणित युरोपातल्या चेहऱ्यावर जुळत होते, आपल्यावर नाही. मग दुरुस्ती आली. त्याच १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनात म्युनिकच्या फ्रान्झ हान्फश्टेंगल यांनी एकाच माणसाचे दोन फोटो शेजारी ठेवले, एक जसाच्या तसा आणि एक निगेटिव्हवर हात फिरवलेला, असे सांगतात. लोकांनी तोंडात बोटे घातली. तिथून प्रत्येक स्टुडिओत 'टचिंग' करणारा माणूस ठेवणे भाग पडले.

टचिंग म्हणजे काय, हे आजच्या मुलांना समजावून सांगावे लागते. निगेटिव्ह खिडकीसमोर किंवा दिव्यासमोर तिरपी उभी करायची. तिच्यावर चिकटसर वार्निश चोळायचे, म्हणजे पेन्सिल धरते. मग सुईसारखे टोक काढलेल्या पेन्सिलने भिंगातून पाहत स्वल्पविरामाएवढी बारीक टिंबे देत जायचे. निगेटिव्हमध्ये सगळे उलटे असते. चेहऱ्यावरची सुरकुती, मुरमाचा खड्डा, डोळ्याखालचे वर्तुळ तिथे पारदर्शक दिसते. तेवढी जागा पेन्सिलने भरली की छापात ती उजळ होते. एखादा भाग गडद करायचा तर बारीक पात्याने काचेवरचा थर खरवडायचा, आणि तिथे हात घसरला की काच गेली. एका चेहऱ्याला तास सहज जाई. आणि त्या तासात टचिंगवाल्याला शंभर निर्णय घ्यावे लागत. हा डाग काढायचा की हा तीळ आहे? ही सुरकुती आजोबांची आहे, ती पुसली तर घरचे ओळखतील का?

आमच्याच घरातला एक किस्सा सांगते. १९७८ साली अब्बांना कुवेतला नोकरी लागली, तेव्हा पासपोर्टचा फोटो त्यांनी भेंडीबाजारातल्या एका स्टुडिओत काढला. टचिंगवाल्याने मन लावून काम केले आणि अब्बांच्या डाव्या भुवईवरचा लहानपणीचा व्रण साफ करून टाकला. अर्जात 'ओळखीची खूण' या रकान्यात अब्बांनी तोच व्रण लिहिला होता. खिडकीवरचा बाबू एकदा फोटोकडे आणि एकदा अब्बांकडे पाहत राहिला. फोटो परत काढावा लागला. अब्बा हा किस्सा सांगताना नेहमी टचिंगवाल्याचीच बाजू घेत. "गरीब बिचारा, त्याने तर मला सुंदर केले होते."

आणखी एक तसबीर आमच्या गावाकडच्या घरात आहे. म्हसळ्याकडे आमचे मूळ घर. दादी तरुण असतानाचा काळापांढरा फोटो, वरून हाताने रंगवलेला. गाल गुलाबी, ओठ लालसर, कुर्ता हिरवा. दादी म्हणायची, कुर्ता जांभळा होता. रंगवणाऱ्याने तो पाहिलाच नव्हता, त्याने त्याच्या मनाने हिरवा केला. पण ओढणीची किनार त्याने केसाएवढ्या ब्रशने टाका-टाका मोजून काढली आहे. आज ती तसबीर पाहताना मला त्या अनोळखी कारागिराचा हेवा वाटतो. त्यालाही पांढऱ्या कागदावर पांढरी ओढणीच मिळाली होती.

हे हातकाम धंद्याच्या प्रमाणावर कसे गेले, ते राजा दीनदयाळ यांच्याकडे पाहिले की कळते. जन्म १८४४ चा, मेरठजवळच्या सरधन्याचा. रुडकीला इंजिनिअरिंग शिकलेला माणूस. निजामाच्या दरबारचे छायाचित्रकार झाले, सिकंदराबादला स्टुडिओ काढला आणि १८९६ साली मुंबईतही शाखा उघडली. काढणारे वेगळे, धुणारे वेगळे, छापणारे वेगळे, रंगवणारे वेगळे, आणि प्रत्येक काचेला क्रमांक. कारखानाच तो. त्यांच्या काचेच्या २,८५७ निगेटिव्ह १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने घेतल्या. मला मात्र त्यांच्या धंद्यातली एक बारीकशी शाखा जास्त मोलाची वाटते. १८९२ मध्ये सिकंदराबादला त्यांनी 'जनाना स्टुडिओ' उघडला. पडदानशीन स्त्रियांसाठी वेगळी जागा, आणि तिचा कारभार मिसेस केनी-लेव्हिक नावाच्या बाईंकडे. नेहमीची व्यवस्था या गिऱ्हाइकांना लागू पडत नाही, तेव्हा त्यांच्यासाठी निराळी खोली आणि निराळा माणूस लागेल, हे त्या व्यापाऱ्याला समजले होते. यात धंदा होता हे खरेच. पण धंद्यासाठी का होईना, कोणीतरी विचार केला होता.

आता लोणावळ्याला येऊ. राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत सुरू केलेला छापखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. एकेका देवीच्या चित्रासाठी रंगागणिक वेगळा दगड लागे आणि चित्रातला तेवढाच रंग नजरेने वेगळा करून त्या दगडावर उतरवणारे कारागीर लागत. हे काम कॅमेऱ्याने आणि रसायनाने करता येईल का, हा त्या वेळचा मोठा प्रश्न होता. त्या कामात एक तरुण होता. त्र्यंबकेश्वरचा, जे.जे. आणि बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला, गोध्र्याला फोटो स्टुडिओ चालवून पाहिलेला. धुंडिराज गोविंद फाळके. रविवर्मा प्रेससाठी ते फोटोवरून दगडावर उतरवण्याची कामे करत. पुढे १९०८ मध्ये त्यांनी स्वतःचा छापखाना काढला आणि १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे पाहायला जर्मनीला गेले. दादासाहेब सिनेमावाले म्हणून आपल्याला माहीत आहेत, पण आधी ते छापखान्यातले, ब्लॉकवाले गृहस्थ होते. त्यामुळेच त्यांना तेच तेच काम हजार वेळा करण्याची भीती वाटली नसावी, असे मला वाटते.

१९१२ साली लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी आधी काय केले? कुंडीत वाटाणे पेरले. समोर कॅमेरा ठेवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडे थोडे चित्रण करत राहिले. रोज तोच कोन, तीच कुंडी. हातात आली जेमतेम मिनिटभराची फिल्म, 'अंकुराची वाढ'. बी फुटते, कोंब वर येतो, वेल चढतो. ही फिल्म दाखवून त्यांनी पैसे देणारा माणूस गाठला. आज मोबाइलमध्ये हे काम एका बटणावर होते, त्याला टाइमलॅप्स म्हणतात. तेव्हा ते बटण म्हणजे स्वतः फाळके होते.

आणि सरस्वतीबाई. त्या काळी कच्ची फिल्म कडेला भोके न पाडलेली येई. ती भोके घरी, अंधारात, हाताने चालवायच्या छोट्या यंत्रावर पाडावी लागत. घरच्यांचा आणि कंपनीतल्या माणसांचा स्वयंपाक उरकल्यावर सरस्वतीबाई हे काम करत. फिल्म धुणे, रसायने मिसळणे हेही त्या शिकल्या होत्या. मी सातवीच्या वर्गाला एकदा हे गणित घातले. 'राजा हरिश्चंद्र'ची लांबी ३,७०० फूट. एका फुटात १६ चित्रे. प्रत्येक चित्राच्या दोन्ही कडांना मिळून आठ भोके. मुलांनी उत्तर काढले, ४ लाख ७३ हजार ६०० भोके, आणि ती फक्त एका प्रतीची. एक मुलगा मागून म्हणाला, "टीचर, उनके हाथ नहीं दुखे?" ३ मे १९१३ ला कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला, त्या जाहिरातींत या हातांचा उल्लेख कशाला असेल! काही वर्षांत भोके पाडलेली फिल्म कारखान्यातूनच येऊ लागली आणि हे काम जगातून नाहीसे झाले. ते गेले याचे मला अजिबात दुःख नाही. सगळीच हातकामे जपून ठेवण्यासारखी नसतात, आणि जी कामे बाईच्या झोपेतून वेळ काढून होतात ती तर मुळीच नाहीत.

इथे उर्दूवालीला एक आडवाट घेऊ द्या. आमच्या नस्तालिक लिपीचेही असेच झाले. देवनागरीचे खिळे केव्हाच पडले, पण नस्तालिकमध्ये अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलते आणि ओळ तिरपी उतरते. म्हणून विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही उर्दू वर्तमानपत्र रोज रात्री कातिब हाताने लिहीत, आणि मग ते छापले जाई. १९८१ मध्ये 'जंग' दैनिकाची लाहोर आवृत्ती 'नूरी नस्तालिक'मध्ये कॉम्प्युटरवर जुळवून निघाली. त्यामागे मिर्झा अहमद जमील नावाचे एक सुलेखनकार होते. त्यांनी जोडून येणाऱ्या अक्षरांचे १८-२० हजार आकार स्वतः लिहून काढले आणि मोनोटाइप कंपनीच्या यंत्रात ते बसवले गेले. पुढे १९९४ मध्ये इनपेज आले आणि मुंबईतल्या उर्दू छापखान्यांतली कातिबांची बैठक हळूहळू उठली. म्हणजे 'अ‍ॅक्शन'च ती. एका हाताने एकदा केलेले, नोंदवून ठेवले आणि पुढे लाखो पानांवर चालवले. पण इथे नोंदवणारा हात उस्तादाचा होता. अक्षर कुठे कुठे फसू शकते, ते माहीत असलेला. म्हणून त्याने एकाच अक्षरसमूहावर न थांबता हजारो केले. आमच्या भाईजानांनी एकाच मुलावर नोंद केली, तीही उघड्या डोक्याच्या.

पुन्हा फोटोकडे. रंगीत फिल्म आली तसे टचिंगवाल्याचे दिवस भरले. जपानच्या नोरित्सु कंपनीने १९७९ मध्ये दुकानात मावणारी आणि तासाभरात फोटो देणारी 'मिनीलॅब' बाजारात आणली. वाशी-नेरुळच्या सेक्टरांत नव्वदच्या दशकात अशा कलर लॅब कोपऱ्या-कोपऱ्यावर झाल्या. तेव्हा आम्ही नुकतेच नवी मुंबईत राहायला आलो होतो. रोल द्यायचा, भाजी घेऊन यायचे, ३६ फोटो तयार.

त्या मशीनला प्रत्येक फोटोचा उजेड आणि रंग कसा ठरवता येई? यामागची युक्ती १९४० च्या दशकातली, कोडॅकचे रंगतज्ज्ञ राल्फ एव्हन्स यांची. त्यांनी पाहिले की कुठल्याही साधारण दृश्यातले सगळे रंग एकत्र घोटले तर मधला राखाडी उरतो. मग मशीनने एवढेच करायचे. प्रत्येक निगेटिव्हची सरासरी काढायची आणि ती राखाडीवर आणून ठेवायची. बहुतेक फोटोंना हे लागू पडते. झाड, माणूस, रस्ता, आकाश, सगळे मिळून सरासरी बरोबर येते.

पण एखादी बाई काळ्या बुरख्यात कॅमेऱ्यासमोर उभी राहिली आणि तिने चौकट भरून टाकली तर? मशीनला वाटते, फोटो फारच काळा आलाय, उजळ करूया. बुरखा राखाडी होतो आणि चेहरा पिठासारखा पांढरा. उलट निकाहच्या ग्रुप फोटोत पन्नास माणसे पांढऱ्या कुर्त्या-टोप्यांत बसली, तर मशीन म्हणते फोटो फार पांढरा आहे, गडद करा. सगळ्या वऱ्हाडाचे चेहरे काळवंडतात. आमच्या मोठ्या भावाच्या निकाहचे फोटो असेच आले होते आणि अम्मीने कॅमेरावाल्याला शिव्या घातल्या. आता कळते की बिचाऱ्याचा दोष नव्हता. लॅबच्या धंद्यात या प्रकाराला एक नाव आहे, 'सब्जेक्ट फेल्युअर'. सरासरी चुकली मशीनची, आणि नापास कोण, तर फोटोतला विषय! पेपर तपासणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला हा शब्द ऐकून ओशाळे वाटेल.

अर्थात मशीनसमोर ऑपरेटर बसलेला असे. त्याच्यासमोर बटणे असत, उजेड कमी-जास्त करायची आणि तिन्ही रंग घट-वाढ करायची. चांगला ऑपरेटर निगेटिव्ह सरकताना पाही, बुरखा दिसला की दोन-तीन बटणे दाबून गडद करी. एका निगेटिव्हला काही सेकंद. बस, एवढाच फरक असे. पण लग्नसराईत त्याला तेवढी सेकंदेही नसत. आणि लॅबला रंग जुळवायला कोडॅकतर्फे जे नमुन्याचे कार्ड येई, त्यावर वर्षानुवर्षे एका गोऱ्या बाईचा फोटो होता. 'शर्ली कार्ड' म्हणत त्याला. तिचा चेहरा बरोबर आला की मशीन बरोबर.

मग कॉम्प्युटर. अमेरिकेतल्या थॉमस आणि जॉन नोल या भावांनी फोटोशॉप लिहिले. त्यांच्या वडिलांची घरी तळघरात डार्करूम होती, थॉमस तिथेच शिकला. म्हणून फोटोशॉपमधल्या हत्यारांची नावे अजून डार्करूमचीच आहेत. 'डॉज'चे चिन्ह पाहा, काडीवर लावलेली चकती. 'बर्न'चे चिन्ह म्हणजे उजेड अडवणारी मूठ. पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९० ची. सुरुवातीच्या फोटोशॉपात प्रत्येक फोटोवर हात फिरवावाच लागे, फक्त पेन्सिलीच्या जागी माउस. १९९६ च्या चौथ्या आवृत्तीत अ‍ॅक्शन आल्या आणि खेळ बदलला. आपल्याकडे लग्नाचे 'करिझ्मा' अल्बम आठवतात ना? बारा बाय छत्तीसची जाड पाने, मागे गुलाब आणि ताजमहाल. त्या अल्बमची सगळी दुनिया या अ‍ॅक्शनवर आणि सीडीवर विकत मिळणाऱ्या तयार डिझाइनवर उभी राहिली. पासपोर्टचे आठ फोटो एका कागदावर बसवणे, हेही एका बटणाचे काम झाले. टचिंगवाल्यांची मुले त्याच स्टुडिओत कॉम्प्युटरवर बसली.

त्याच १९९६ साली आणखी एक गोष्ट घडली, जिची मला व्यक्तिशः जास्त गरज पडते. बोस्नियातल्या यायत्से गावचा इरफान श्किल्यान हा व्हिएन्नात शिकणारा तरुण. त्याने फोटो पाहायचा एक छोटासा प्रोग्राम लिहिला आणि आपलेच नाव देऊन टाकले, 'इरफानव्ह्यू'. शिक्षणासाठी आणि घरी वापरायला तो आजही फुकट आहे. आकाराने इतका लहान, की शाळेतल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवरही धावतो. त्यात 'बी' दाबले की बॅचची खिडकी उघडते. एका बाजूला फाइली, दुसऱ्या बाजूला काय करायचे त्याची यादी: माप बदला, कापा, वजन कमी करा, नाव बदला. इरफान या नावाचा अर्थ ओळख, जाण. ओळखपत्रांच्या कामाला याहून चांगले नाव मिळाले नसते. स्टाफरूममध्ये हे सांगितले, तेव्हा फक्त उर्दूच्या दोन शिक्षिका हसल्या.

आता कोणी म्हणेल, हे सगळे जुने झाले, हल्ली एआय आपोआप बॅकग्राउंड काढतो, केसांच्या बटाही सोडवतो. मी तेही करून पाहिले. त्या ४६ पैकी काही फोटो अशा एका साधनात टाकले. बऱ्याच मुलींची ओढणी परत आली. काहींची खांद्यापाशी कुरतडल्यासारखी झाली, आणि एकीच्या पिनच्या जागी काहीतरी गुळगुळीत पांढरे तयार झाले, जे मुळात तिथे नव्हतेच. कांडी निदान खोटे तरी रचत नव्हती.

शेवटी मी काम दोन भागांत वाटले. ज्याला डोळ्यांची गरज नाही ते मशीनला दिले: ३५ बाय ४५ चे माप, फाइलचे वजन ५० केबीच्या आत, हजेरी क्रमांकाचे नाव. इरफानव्ह्यूवर हे ३१२ फोटोंचे काम दोन मिनिटांत झाले. उजळवणे पूर्णपणे बंद केले. आठवीतले दोघे वीर नाराज झाले, त्याला इलाज नाही. आणि ओढणीवाल्या मुलींसाठी शनिवारी घरून फिकट निळी चादर आणली. व्हरांड्यात दोन मुलींनी ती दोन टोकांनी धरली. ४६ जणींना एकेक करून स्टुलावर बसवले आणि माझ्याच मोबाइलवर फोटो काढले. कार्ड छापणाऱ्याला विचारले, निळे चालेल का? तो म्हणाला, फिकट असेल तर कुठलेही चालते. आधी कोणी विचारलेच नव्हते.

पावणेदोन तास गेले. त्यातला निम्मा वेळ पिना सरळ करण्यात आणि "हँसो मत" म्हणण्यात गेला. त्यातल्या त्यात मला हे नवीन कळले की चौथीतल्या एका मुलीची ओढणी पांढरी नसून धुऊन धुऊन पिवळसर झालेली आहे, आणि दुसरीची तिच्या मोठ्या बहिणीची आहे, म्हणून ती सतत घसरते. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिकांशी बोलून गणवेशाच्या कपाटातल्या दोन नव्या ओढण्या त्या दोघींना दिल्या.

नवी कार्डे आठवडाभराने आली. सहावीतल्या त्या मुलीने आपले कार्ड डोळ्यांजवळ नेले, उजेडात तिरपे धरून पाहिले.

"टीचर, पिन भी दिख रही है," ती म्हणाली आणि कार्ड गळ्यात अडकवून वर्गात पळाली.